दुपारी सैल पडणारं रबर

प्रमिलाबाई,

तुमच्या कपाटाची किल्ली तुमच्या लेकीने परवा दवाखान्यात आणून दिली. मी ती घेतली आणि आधी उलटीपालटी करून पाहिली, ही तीच आहे ना, की मधल्या काळात कुणी दुसरी करून घेतली आहे. लेक समोरच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला तुमचं ते ओठ दाबून हसणं दिसलं. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि डॉक्टर अजून तसाच आहे, हे तिने घरी जाऊन सांगितलं असेल. पण कुणाला सांगणार? माझ्या अशा गोष्टी घरी नेऊन सांगायला तुम्हीच तर होतात.

सोळा वर्षं तुम्ही माझ्या डाव्या हाताला उभ्या होतात. मी भंडाऱ्यात वेड्यावाकड्या दातांना तारा लावणारा डॉक्टर, तुम्ही माझ्या मदतनीस. सकाळी कारध्याहून पूल ओलांडून यायचात आणि माझ्या आधी दार उघडायचात. सुरुवातीला मला त्याचाही संशय यायचा. इतक्या लवकर येऊन ही बाई करते काय? एक दिवस मुद्दाम अर्धा तास आधी आलो, तर तुम्ही खिडकीत उभ्या राहून डब्यातली कालची भाकर खात होतात. माझ्याकडे पाहून म्हणालात, "या जी डॉक्टर, पकडलं ना मले? अर्धी घ्या." मी घेतली नाही. आज घेतली असती.

तारा लावल्या म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. वरच्या सुळ्याच्या हुकापासून खालच्या दाढेच्या हुकापर्यंत नखाएवढं एक रबर ताणून लावायचं असतं, दोन्ही बाजूंना, आणि ते पेशंटने लावायचं असतं. घरी, स्वतःच्या हाताने, रोज. म्हणजे माझं सगळं कौशल्य शेवटी दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर येऊन अडतं. आणि दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर माझा विश्वास कधीच नव्हता.

माझा पक्का समज होता की पोरं महिनाभर रबराला हात लावत नाहीत आणि माझ्याकडे यायच्या दिवशी बाहेर बाकावर बसून घाईघाईने अडकवतात. प्रत्येकाच्या तोंडात नवं कोरं, चकचकीत रबर कसं असतं? म्हणून मी बाहेरच्या खोलीतला आरसा काढून टाकला. आरशाशिवाय दाढेला रबर अडकवता येत नाही, असा माझा हिशोब. दुसऱ्याच दिवशी तुमच्या पिशवीतला छोटा आरसा बाकावर या हातातून त्या हातात फिरताना दिसला.

"प्रमिलाबाई, हा आरसा कुणाचा?"

"माहा हाय जी. पोरगी केस विंचरून राहिली."

"केस विंचरतेय की रबर लावतेय?"

"केसालेबी रबरच लावते ना डॉक्टर पोरगी."

पोरगी हसली, तिची आई हसली. मी शुद्ध मराठीत काहीतरी बोललो. तुम्ही नेहमी म्हणायचात, डॉक्टर शुद्ध बोलायले लागले म्हंजे समजाचं, आज कोनाचं खरं नाई. त्या दिवसापासून मी तुम्हाला पोरांच्या पक्षात धरलं. तुम्ही त्यांना आधी सावध करता, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मग ती सानगडीची अश्विनी आली. दहावीतली मुलगी. वरचे दात पुढे, बोलताना तोंडावर कायम हात. आई सानगडीच्या बाजारात बांगड्या विकायची. दोघी महिन्यातून एकदा साकोलीला बस बदलून यायच्या. तारा लावल्या, रबर दिलं, आणि आठवड्यात मुलीचे ओठ सुजले. आपलं नेहमीचं रबर लॅटेक्सचं, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनवलेलं. तो चीक काहींना सोसत नाही. मी लगेच ते बंद केलं आणि दुसऱ्या जातीचं दिलं, कारखान्यात बनवलेलं, चीक नसलेलं. तुम्ही त्यांना तुमच्या बोलीत नावं दिली होती, चिकाचं आणि पिलास्टिकचं. सूज गेली. मला वाटलं, झालं. सोबत मी तिच्या हातात तीच पिवळी चिठ्ठी दिली, जी प्रेसमधून गठ्ठ्याने छापून आणली होती आणि सगळ्यांना देत होतो. "रबर दिवसातून एकदा, झोपताना बदलावे."

रबर बदललं आणि चिठ्ठी तीच राहिली. चूक एवढीच होती आणि ती माझी होती. आज ती एका ओळीत लिहिता येते. तेव्हा ती दिसायला मी माझ्या चिठ्ठीवर संशय घ्यायला हवा होता, आणि साऱ्या जगात तेवढी एक गोष्ट माझ्या संशयातून सुटलेली होती.

तीन महिने दात जागचे हलले नाहीत. मी मुलीला विचारायचो, लावतेस ना? ती मान डोलवायची. मी तिच्या मान डोलवण्याकडे बघायचो, डोळ्यांकडे बघायचो, आईच्या चेहऱ्याकडे बघायचो. तुम्ही ट्रे धरून मागे उभ्या असायचात. त्या गेल्या की आपलं भांडण सुरू.

"डॉक्टर, पोरगी लावून राहिली. गालाच्या आतून वण पडला तिच्या, तुमी पाह्यला नाई का?"

"वण एका दिवसातही पडतो."

"एका दिवसात पडत नाई जी असा."

"तुम्ही तिची वकिली काहून करता?" रागात माझ्याही तोंडी तुमची बोली यायची.

"तुमी पोरीलेच इचारून राहिले. रबराले काहून नाई इचारत?"

मला ते उद्धट वाटलं. रबराला काय विचारायचं? दोन्हीत थोडा फरक असतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. थोडा, असंच मी मनात धरून बसलो होतो. किती थोडा, हे कधी तपासलं नव्हतं.

तुम्ही एक दिवस लाकडाची फळी घेऊन आलात. तिच्यावर खिळ्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीवर ताणलेलं एक रबर. एका रांगेत चिकाचं, दुसऱ्या रांगेत पिलास्टिकचं. "पाहा जी, सकाळी लावलं होतं, हे खालचं आताच ढिलं पडलं." मी बोटसुद्धा लावलं नाही. म्हणालो, "कोरड्या फळीवर काय सिद्ध होतं? तोंड कोरडं असतं का?" मला वाटलं, विषय मिटला. आठवडाभराने तुम्ही तीच फळी स्टीलच्या मोठ्या डब्यात पाण्यात बुडवून आणलीत. मी म्हणालो, "नळाचं पाणी आहे हे. तोंड एवढं गार असतं का?" तुम्ही मान हलवली आणि डबा उचलून नेलात. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. मी अडवून धरायला बोलत होतो आणि तुम्ही ते सूचना म्हणून ऐकत होतात, हे मला कळलंच नाही.

त्याच दिवसांत माझा ताण मोजायचा काटा जागेवरून हलायला लागला. पेनासारखा तो स्प्रिंगचा काटा मी कुणाला हात लावू देत नसे. मी ड्रॉवरमध्ये पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली. काटा रेघेच्या बाहेर. पिलास्टिकच्या रबराची पाकिटंही लवकर संपत होती. झालं, माझ्या डोक्याला काम मिळालं. ही बाई बाहेर कुणा दुसऱ्या डॉक्टरला माल देते की काय, इथपर्यंत मी गेलो. लिहिताना लाज वाटते, पण तुमच्यापासून आता काय लपवायचं? एक दिवस विचारलंच.

"काटा कुणी घेतला होता?"

"मीनं घेतला होता जी. ठेवला वापस."

"कशाला?"

"मोजाले."

मी त्याच्यापुढे विचारलं नाही. काय मोजायला, एवढं तरी विचारता आलं असतं. पण मला उत्तर नको होतं, मला कबुली हवी होती, आणि तुम्ही कबुली इतक्या सहज दिलीत की माझा विरस झाला.

चौथ्या महिन्यात मी अश्विनीला झापलं. भरल्या दवाखान्यात. म्हणालो, खोटं बोलणाऱ्या मुलीच्या तोंडात तारा ठेवायला मला वेळ नाही, पुढच्या महिन्यात फरक दिसला नाही तर सगळं काढून टाकतो. आई म्हणाली, "लावते जी पोरगी, माह्या डोयासमोर लावते." मी म्हणालो, "तुम्ही चोवीस तास तिच्या तोंडात बसलेल्या असता का?" मुलगी रडली नाही. तिने तोंडावर हात ठेवला आणि खुर्चीतून उतरली. तुम्ही ट्रे टेबलावर जरा जोरात ठेवलात आणि त्यांच्या मागे बाहेर गेलात. बराच वेळ आला नाहीत. मी आतून ओरडलो, "पुढचा पेशंट!"

पुढच्या महिन्यात तिचे दात सरकलेले होते. चांगले, डोळ्यांना दिसतील असे. मी आरसा तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "बघ, एकदा बोलणी खाल्ली तर कशी सुधारलीस." तिने आरसा तुमच्याकडे दिला. तुम्ही तो पुसून ठेवलात. त्यानंतर पाच वर्षं ती माझी आवडती गोष्ट होती. टाळाटाळ करणारं पोरगं आलं की मी त्याच्या बापाला सांगायचो, सानगडीची एक मुलगी होती, तिला एकदा असं धरलं... किती वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी तुम्ही माझ्या डाव्या हाताला उभ्या होतात.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कारध्याला, तुमच्या घरी आलो. पांढऱ्या कपड्यातली माणसं अंगणात मावत नव्हती. माझ्या मनात आलं, इतके लोक कोण आहेत, ही बाई तर माझ्याच दवाखान्यात दिवस काढायची. मग जवळून पाहिलं तर निम्मे चेहरे अनोळखी आणि दात ओळखीचे. माझेच पेशंट. मला न सांगता तुमचे झालेले. वंदना झाली, मेणबत्त्या लावून झाल्या, आणि पांढऱ्या पंजाबी ड्रेसमधली एक मुलगी माझ्याकडे आली. हसली. तोंडावर हात नव्हता, म्हणून आधी ओळखलं नाही.

"मी अश्विनी जी. सानगडीची. आता नर्सिंगले हावो."

मी म्हणालो, "अरे वा. रबराची चोर." गंमत म्हणून म्हणालो. ती हसायची थांबली.

"मी चोर नोहती डॉक्टर. त्या दिवशी बाई मांगून आल्या ना, बस स्टँडवर. म्हनल्या, चिठ्ठीत लिवलं ते सोड. हे रबर दुपारलेच ढिलं पडते. सकाळी बदलजो, शाळेतून आली का बदलजो, मंग झोपताना बदलजो. जास्तीची पाकिटं देल्ली मले. मी पयलेबी लावतच होती जी. फकस्त एकदा बदलवत होती, तुमी सांगतलं तसं."

मी काय विचारलं असेन, प्रमिलाबाई? तुम्ही ओळखाल. त्या अंगणात, तुमच्या फोटोसमोर, मी विचारलं, "आणि हे मला सांगू नको, असं बाईंनी सांगितलं होतं का?"

"नाई जी. त्या म्हनल्या, डॉक्टरनं इचारलं तं खरं सांगजो. तुमी इचारलंच नाई."

मी तिला म्हणालो, तेव्हाच सांगायचं ना मग. म्हणजे तिथेही तिचीच चूक काढली आणि घरी आलो. पूल ओलांडताना गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो थोडा वेळ. रडलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर मला तुमचा राग आला. खरा राग. पाच वर्षं तुम्ही मला ती गोष्ट सांगू दिलीत. दर वेळी मागे उभ्या राहून ऐकलीत. का? माझी लाज राखत होतात? मनात हसत होतात? की हा माणूस काही ऐकायचा नाही, असं ठरवून तुम्ही माझा नाद सोडला होता? पहिल्या दोन गोष्टी मला चालतील. तिसरी चालत नाही. सोळा वर्षं जी बाई माझ्या शेजारी उभी होती, तिने मला मनातून सोडून दिलेलं असेल, तर मी त्या दवाखान्यात उद्यापासून कुणाच्या भरवशावर बसायचं? तेव्हापासून मी हाच एक संशय उगाळत बसलो आहे, आणि तो पहिल्यांदाच माझ्या स्वतःवरचा आहे.

परवा ती किल्ली आली. काल रविवार, दवाखाना बंद. मी एकटाच जाऊन कपाट उघडलं. तुमचा ॲप्रन, कंगवा, बाकावर फिरणारा तो छोटा आरसा, आणि खाली जुन्या टॉवेलात गुंडाळलेली फळी. खिळे गंजू नयेत म्हणून तुम्ही त्यांना नेलपॉलिश लावलं होतं. फळीला दोऱ्याने केरसुणीच्या दोन काड्या बांधलेल्या. एकीला चिठ्ठी, "सानगडी". सुळ्यापासून दाढेपर्यंतचं अश्विनीचं अंतर तुम्ही तिच्या तोंडात काडी धरून मोजलं होतं आणि खिळे तेवढ्याच अंतरावर ठोकले होते. मला हे कधी सुचलं नसतं. मी अंदाजाने ठोकले असते आणि वर डॉक्टर म्हणून मिरवलं असतं.

तरीही, तुम्हाला राग येईल, मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. वाटलं, तुमची पाकिटं जुनी असतील, खिडकीच्या उन्हात पडलेली असतील. मी दोन्ही जातींची नवी पाकिटं फोडली, सकाळी सकाळी रबरं ताणली, फळी डब्यात ठेवली, कोमट पाणी ओतलं आणि थर्मामीटर धरून दिवसभर पाणी बदलत बसलो. चिकाच्या रबराचा जोर पहिल्या तासातच पटकन थोडा उतरला आणि मग तग धरून राहिला. पिलास्टिकचं उतरलं ते उतरतच गेलं. दुपारी जेवायच्या वेळेला काटा लावला तर त्याच्यात दात ओढायचा जीव राहिला नव्हता, नुसतं अडकलेलं होतं. दोनदा मोजलं, कारण माझ्याच हाताचा मला संशय आला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

मुलगी रोज रात्री रबर बदलत होती. उजाडेपर्यंत ते निकामी व्हायचं. आणि मी तिला खोटारडी म्हणालो होतो.

तिथूनच अश्विनीला फोन लावला. म्हणालो, तू खरं बोलत होतीस, चूक माझी होती, भरल्या दवाखान्यात तुला बोललो त्याची माफी मागतो.  ती म्हणाली, "तवा लय दिवस आरशात पाह्यलं नोहतं जी मीनं. आता ठीक हाय." फोन ठेवल्यावर वाटलं, खरंच ठीक आहे की मोठ्या माणसाचं मन राखलं? यावेळी पुन्हा फोन करून विचारलं नाही. तो तिचा हक्क आहे.

दुसऱ्या काडीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "एकोडीच्या मॅडम". शाळेत शिकवणाऱ्या त्या बाई. त्यांनाही चीक सोसत नाही, त्यांचेही दात तीन महिने अडलेत, आणि गेल्या खेपेला मी त्यांना म्हणालो होतो, तुम्ही तर शिक्षिका, तुम्ही तरी खोटं बोलू नका. त्यानंतर चारच दिवसांनी तुम्हाला बरं वाटेनासं झालं. त्यांच्या मागे बस स्टँडवर जायला कुणी उरलं नव्हतं. त्या उद्या येणार आहेत. सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्या मी काल फाडल्या.

फळी टॉवेलात परत ठेवायला उलटी केली, तेव्हा मागचं दिसलं. पेन्सिलीने एकाखाली एक तीनदा लिहिलेलं, "डॉक्टरले दाखवाचं." तिन्हींसमोर बरोबरची खूण. कोरडी फळी, गार पाणी, हे मला आठवत होतं. तिसरी खूण कुठली? मग आठवलं. मी एकाच्या दाढेवर वाकलो होतो आणि तुम्ही कोमट पाण्याचा डबा आणि काटा घेऊन बाजूला आला होतात. मी मान न उचलता म्हणालो होतो, "टेबलावर खिळे ठेवू नका." तुम्ही ते दाखवलं असं धरलंत. तुमच्याकडून दाखवून झालं होतं.

त्यांच्याखाली चौथी ओळ होती. हिरव्या शाईत. "डॉक्टरले दाखवाचं. एकोडी." समोर खूण नाही.

ते हिरवं पेन मी तुम्हाला यंदाच्या दिवाळीत दिलं होतं. ते कपाटातच होतं. तरी मी कागदावर ओढून शाई ताडून पाहिली. तीच होती. म्हणजे पाच वर्षं ती गोष्ट ऐकून झाल्यावर, मी तीनदा हाकलून लावल्यावर, अगदी या साली, तुम्ही मला चौथ्यांदा दाखवणार होतात.

त्या ओळीसमोर मी तुमच्याच पेनाने एक शब्द लिहिला आहे, बाई. पाहिलं.